धुण्याचे पाणी

बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाबरोबर पुष्कळ गोष्टी प्रवास करतात. पुरणयंत्र येते, खलबत्ता येतो, गोड्या मसाल्याची बरणी येते, देवघरातले टाक येतात. एक गोष्ट मात्र बरोबर नेता येत नाही, आणि ती म्हणजे पाणी. ते ज्या त्या गावचेच वापरावे लागते. पिण्याच्या पाण्याची चवकशी आपण नव्या गावी पाऊल ठेवताच करतो. धुण्याच्या पाण्याची चवकशी करावी, हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

चंडीगडला या ना त्या निमित्ताने येऊन राहिलेली मराठी कुटुंबे थोडी नाहीत. कोणी केंद्र सरकारच्या कचेरीत असतो, कोणी बँकेत, कोणी चंडीमंदिरच्या लष्करी तळावर, तर कोणी १९६२ साली स्थापन झालेल्या येथील मोठ्या वैद्यकीय संस्थेत. यांपैकी मुंबई-पुण्याकडून आलेल्या घरांत काही महिन्यांनी एक तक्रार ऐकू येऊ लागते. पांढरे सदरे पूर्वीसारखे उजळ निघत नाहीत, त्यांवर करडी झाक येते. अंग पुसायचा पंचा वाळल्यावर पापडासारखा ताठ होतो. रंगीत साडीचा टवटवीतपणा जातो. मग पहिला ठपका कपडे धुणाऱ्या बाईवर येतो. बाई बदलली तरी कपडे तसेच राहिले, की दुसरा ठपका पावडरीवर येतो. पावडर बदलूनही फरक पडला नाही, की तिसरा उपाय सुरू होतो. एका चमच्याऐवजी दोन चमचे पावडर पडू लागते. या तिन्ही उपायांत एकच उणीव आहे. मळलेला कपडा, मळ काढणारी पावडर आणि कष्ट करणारे हात या तिघांचा विचार त्यात होतो, पण ज्या पाण्यात हे सर्व घडते त्याचा होत नाही. आजच्या भाषणाचा विषय हे पाणीच आहे.

ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येत नाही, त्याला आपण बोलण्यात जड पाणी म्हणतो. शास्त्रीय पुस्तकांत त्याला दुष्फेन असे नाव आहे, आणि ज्या पाण्याला चटकन फेस येतो ते सुफेन. ही नावे मोठी अर्थपूर्ण आहेत, कारण पाण्याच्या अंगचा जो गुण धुणाऱ्याच्या प्रत्ययास येतो तोच त्यांत सांगितला आहे. त्या गुणाचे कारण पाण्यात विरघळलेल्या क्षारांत आहे. सर्वच क्षारांत नव्हे, तर मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन धातूंच्या क्षारांत. मिठाने खारट झालेले पाणी आणि जड पाणी यांत म्हणूनच भेद केला पाहिजे. पुष्कळदा दोन्ही दोष एकत्र आढळतात, पण जड पाणी चवीला खारट असलेच पाहिजे असे नाही. उलट ते चवीला चांगले लागू शकते.

हे क्षार पाण्यात येतात कोठून? ढगातून पडणारे पाणी जवळजवळ निर्मळ असते. खाली येताना ते हवेतील थोडा कार्बन डायऑक्साइड वायू आपल्यात घेते, आणि मातीतून झिरपताना त्याहून कितीतरी अधिक घेते. त्यामुळे त्याला अगदी सौम्य असा आम्लपणा येतो. या सौम्य आम्लाला वेळ मिळाला आणि वाटेत चुनखडी भेटली, की तो चुना त्यात विरघळतो. तेव्हा पाणी जड होणे हा वाटेचा आणि वेळेचा प्रश्न आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा येथील जलाशयांतून पाणी मिळते आणि पुण्याला खडकवासल्याच्या वरच्या धरणांतून. हे सह्याद्रीवर पडलेले, काळ्या खडकावरून धावत येऊन साठलेले पावसाचे पाणी आहे. त्याचा जमिनीशी सहवास थोडा, म्हणून ते सुफेन राहते. याच महाराष्ट्रात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याची काय कथा आहे, ते तेथील गृहिणीला विचारावे. पुण्यातसुद्धा ज्या वसाहती कूपनलिकेवर किंवा टँकरवर अवलंबून आहेत, त्यांना नळाच्या पाण्याचा अनुभव लागू पडत नाही.

चंडीगड हे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसवलेले शहर आहे. टेकड्यांवरून ओढ्यांनी आणलेले गोटे, वाळू आणि माती यांच्या थरांवर ते उभे आहे. या गाळात खोलवर साठलेले पाणी उपसावे आणि शहराला पुरवावे, ही येथील मूळची व्यवस्था होती. पुढे शहर वाढले, नलिका पुरेनाशा झाल्या, आणि १९८०च्या दशकापासून कजौली येथे भाक्रा कालव्यातून पाणी उचलून ते शहरात आणण्यास आरंभ झाला. आज शहराच्या पुरवठ्याचा मोठा भाग या कालव्याचा आहे, आणि त्याला नलिकांच्या पाण्याची जोड दिली जाते. कालव्याचे पाणी सतलजचे, म्हणजे हिमालयातील बर्फाचे आणि पावसाचे. नलिकेचे पाणी जमिनीत दीर्घकाळ मुरलेले. पहिल्यापेक्षा दुसरे जड असणार, हे ओघानेच आले. या दोहोंचे मिश्रण ज्या प्रमाणात होईल त्या प्रमाणात नळाच्या पाण्याचा स्वभाव ठरतो. म्हणून एका सेक्टरातील शेजारणीचा अनुभव दुसऱ्या सेक्टरात जसाच्या तसा लागू पडेल, किंवा पावसाळ्यातले माप उन्हाळ्यात चालेल, अशी खात्री देता येत नाही. आपल्या घरचे पाणी आपणच ओळखले पाहिजे.

जडपणा मोजण्याची एक सर्वमान्य रीत आहे. एक लिटर पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे खडूच्या, बरोबरीचे आहेत ते सांगायचे. साठ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी मऊ आणि एकशेऐंशीच्या पुढचे फार जड, अशी स्थूल वर्गवारी करतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक संस्थेने २०१२ साली जे मानक प्रसिद्ध केले, त्यात २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा दिली असून, दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्याच्या कसोटीस पूर्ण उतरलेले पाणी धुण्याच्या दृष्टीने बरेच जड असू शकते. यात नगरपालिकेची हयगय नाही आणि घाबरण्याचे कारणही नाही. जड पाणी प्रकृतीला अपायकारक मानलेले नाही. ते अपाय करते तो कपड्यांना, भांड्यांना आणि खर्चाच्या वहीला.

आता साबणाकडे वळू. साबणाचा कण एखाद्या टाचणीसारखा कल्पावा. त्याचे डोके पाण्यात रमते आणि शेपूट तेलात. कपड्यावरचा मळ बहुधा तेलकट असतो. शेपटे त्या तेलात रुततात, डोकी पाण्याकडे राहतात, आणि चोळण्या-हलवण्याने मळाचा कण सुटून पाण्यात तरंगू लागतो. मऊ पाण्यात हे काम सुरळीत चालते. जड पाण्यात मात्र साबणाला मळापूर्वी कॅल्शियम गाठते. दोहोंच्या संयोगातून एक न विरघळणारा, चिकट पदार्थ बनतो. बादलीच्या काठाला जी पांढुरकी कड धरते आणि न्हाणीघराच्या फरशीवर जो बुळबुळीत थर बसतो, तो हाच. पाण्यातील सारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अशा रीतीने संपेपर्यंत फेस येत नाही आणि धुण्यास खरा आरंभ होत नाही.

ही नासाडी किती होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. उदाहरणादाखल लिटरमागे ३०० मिलिग्रॅम जडपणा असलेले पाणी घेऊ. वीस लिटरच्या एका बादलीत सहा ग्रॅम खडूइतका क्षार झाला. रसायनशास्त्राच्या नियमाप्रमाणे त्याला निकामी करण्यात सुमारे ३६ ग्रॅम शुद्ध साबण खर्ची पडतो. बाजारातील वडीत पाणी व इतर भर असल्यामुळे वडी याहून जास्त झिजते. एवढा साबण गेला तरी मळाचा एक कणही निघालेला नसतो! शिवाय गेलेला साबण निमूटपणे जात नाही. त्याचा तितक्याच वजनाचा चिकट गाळ होऊन कपड्याच्या धाग्याधाग्यांत बसतो, आणि मळ त्याला चिकटून राहतो. पांढऱ्या सदऱ्यावरची करडी झाक ती हीच.

आमच्या मागच्या पिढ्यांना कॅल्शियम हे नाव ठाऊक नव्हते, पण त्याच्यावरचा तोड ठाऊक होता. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसली तर चिमूटभर सोडा टाकावा, हे घरोघर माहीत होते. आमच्याकडील परीट भट्टी लावताना खार वापरीत. पंजाबात सज्जी म्हणून एक पदार्थ फार जुन्या काळापासून प्रसिद्ध होता. कोरड्या, खारवट जमिनीत वाढणारी झुडपे जाळून त्यांची राख गोठवीत, आणि तिचा धुण्याकडे उपयोग करीत. या साऱ्यांतला कार्यकारी अंश एकच, तो म्हणजे सोडियमचा कार्बोनेट, आपला धुण्याचा सोडा. तो पाण्यात पडला की कॅल्शियम खडूच्या रूपाने वेगळे होऊन खाली बसते आणि पाणी मऊ होते. रिठा आणि शिकेकाई यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांतील फेसाळ द्रव्य कॅल्शियमशी साबणासारखे जखडून जात नाही, म्हणून जड पाण्यातही रिठ्याला फेस येतो. रेशमी वस्त्रे आणि शाली यांसाठी रिठाच वापरावा, हा जुना संकेत आजही चुकीचा नाही.

पाश्चात्त्य देशांत या विषयाचा शास्त्रीय अभ्यास स्कॉटलंडमधील अॅबरडीनचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी केला. चुन्याच्या निवळीने पाणी मऊ करण्याच्या युक्तीचे पेटंट त्यांनी १८४१ साली घेतले. पाण्यात चुना घालून चुना काढायचा, हे ऐकताना विनोदी वाटते, पण ते खरे आहे. साबणाच्या द्रावणाने पाण्याचा जडपणा मोजण्याची रीतही त्यांचीच. ती आपणास घरी करता येण्याजोगी असल्याने तिच्याकडे मी परत येणार आहे.

आपल्या देशात इंग्लंडहून सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, आणि वडीचे युग सुरू झाले. पावडरीचे युग त्यानंतर सत्तर वर्षांनी आले. १९५९ साली सर्फ बाजारात आली. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल या सरकारी खात्यात काम करणाऱ्या रसायनतज्ज्ञाने घरच्या अंगणात निरमा पावडर तयार करून सायकलवरून विकण्यास सुरुवात केली, आणि पावडर गोरगरिबांच्या मोरीपर्यंत पोचली. या पावडरी म्हणजे कुटलेला साबण नव्हे. यांतले मळ काढणारे मूळ द्रव्य खनिज तेलापासून बनवलेले असते, आणि त्याला शास्त्रात अपमार्जक म्हणतात. त्याचाही कण टाचणीसारखाच, पण डोके वेगळ्या घडणीचे. कॅल्शियमशी गाठ पडली तरी साबणासारखा चिकट गाळ तो करीत नाही. म्हणून जड पाण्यातही पावडरीला भरपूर फेस येतो.

येथेच आपली फसगत होते. साबणाच्या काळात पाणी स्वतःच्या जडपणाची साक्ष स्वतः देत असे. फेस येईना, की पाणी जड आहे हे लहान मुलालाही कळे. पावडरीने ती साक्ष पुसून टाकली. फेस येतो, म्हणून पाणी चांगले आहे आणि पावडर कामाला लागली आहे, असे आपण समजतो. वस्तुतः फेस आणि स्वच्छता यांचा संबंध फार थोडा आहे. कॅल्शियम अपमार्जकाचा गाळ करीत नसले, तरी त्याचे बळ कमी करते. मळाच्या कणांना कपड्याशी बांधून ठेवण्याचे कामही तेच करते. म्हणून पावडरीत अपमार्जकाबरोबर पाण्याचा बंदोबस्त करणारी साहाय्यक द्रव्येही घालावी लागतात. स्वस्त पावडरीत हे काम मुख्यतः धुण्याचा सोडा करतो. तो कॅल्शियमचा खडू करतो खरा, पण तो खडू जातो कोठे? कपडे त्याच बादलीत असल्यामुळे त्यातला काही त्यांच्याच धाग्यांवर बसतो. पंचा ताठ होतो त्याचे कारण हे आहे. महागड्या पावडरीत झिओलाइट नावाचे द्रव्य असू शकते. ते कॅल्शियमला आपल्या पोकळ्यांत ओढून घेते आणि बदली सोडियम पाण्यात सोडते. सायट्रेटसारखे काही क्षार कॅल्शियमला पाण्यातच पकडून ठेवतात. किमतीतला फरक नुसत्या सुगंधाचा आणि जाहिरातीचा असतो असे नाही. कित्येकदा तो या साहाय्यकांचा असतो.

एवढे समजले की उपाय आपोआप सुचतात. त्या सर्वांचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे, की आधी पाणी धुवावे आणि मग कपडा.

प्रथम पाण्याची परीक्षा. घरोघरी जी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे बसली आहेत, त्यांतील पिण्याचे पाणी बरेच मऊ असते. ते नसल्यास स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी घ्यावे. पेलाभर अशा पाण्यात अंगाच्या साध्या साबणाचा थोडा कीस विरघळवावा. मग सारख्या आकाराच्या दोन बाटल्यांत सारख्या मापाने एकीत हेच मऊ पाणी आणि दुसरीत नळाचे पाणी घ्यावे. दोहोंत साबणाचे द्रावण थेंब थेंब टाकून दर वेळी बाटली हलवावी, आणि पाच मिनिटे टिकणारा फेस येण्यास किती थेंब लागले ते मोजावे. मऊ पाण्याला पाच आणि नळाच्या पाण्याला चाळीस थेंब लागले, तर पस्तीस थेंब निव्वळ पाण्याने खाल्ले, असा त्याचा अर्थ. ही क्लार्क यांच्या रीतीची घरगुती आवृत्ती आहे. तिने नेमका आकडा कळणार नाही, पण आपण कोणत्या पाण्याशी व्यवहार करीत आहोत ते कळेल. परीक्षा साबणानेच करावी, पावडरीने नव्हे. कारण आताच सांगितले आहे.

आता हाताने, बादलीत धुण्याची रीत पाहू. पाणी आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी भरून ठेवावे आणि त्यात धुण्याचा सोडा विरघळवावा. मघाच्या उदाहरणातील ३०० मिलिग्रॅमच्या पाण्याला वीस लिटरमागे कोरडा, पिठासारखा सोडा साडेसहा ग्रॅम लागतो. सोड्याचे स्फटिक असतील तर त्यांत पाण्याचाच अंश मोठा असल्याने सतरा ग्रॅम लागतात. जेथे साबण ३६ ग्रॅम खर्ची पडत होता, तेथे त्याहून कितीतरी स्वस्त असा सोडा साडेसहा ग्रॅममध्ये काम भागवतो. पाणी कोमट असेल तर क्रिया लवकर होते. पाणी प्रथम गढूळ दिसेल, मग पांढरा गाळ तळाशी बसेल. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे. मगच त्यात पावडर घालून ती पूर्ण विरघळवावी, आणि सर्वांत शेवटी कपडे बुडवावेत. कपड्यांवर कोरडी पावडर भुरभुरवून वर पाणी सोडण्याची रीत सोडून द्यावी. त्यात पावडर आणि जड पाणी यांची झुंज थेट कपड्यावर होते.

सोड्याबाबत तीन इशारे देणे आवश्यक आहे. पहिला असा, की खाण्याचा सोडा हा धुण्याचा सोडा नव्हे. थंड पाणी मऊ करण्यास तो जवळजवळ निरुपयोगी आहे. आणि कॉस्टिक सोडा तर हात व कपडा दोन्ही भाजून काढील. दुकानात मागताना धुण्याचा सोडा असे स्पष्ट सांगून घ्यावा. दुसरा इशारा हा, की लोकर आणि रेशीम यांना सोडा मानवत नाही, आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यालाही तो लागू नये. तिसरा इशारा प्रमाणाचा. पावडरीत बहुधा सोडा आधीच असतो, तेव्हा वरून घालण्यात अतिरेक केल्यास हाताची कातडी सोलेल. जी बाई रोज तीन-चार घरचे कपडे धुते, तिच्या हातांचा विचार घरच्या माणसांनी केला पाहिजे.

पाणी उकळल्याने जडपणा जातो, असे शाळेत शिकलेले पुष्कळांना आठवत असेल. ते अर्धे खरे आहे. बायकार्बोनेटच्या रूपातील जडपणा उकळल्याने जातो, म्हणून त्याला तात्पुरता म्हणतात. बंबात आणि गीझरमध्ये खडूसारखी पुटे बसतात ती त्याचीच. सल्फेट व क्लोराइड यांच्यामुळे आलेला कायमचा जडपणा उकळण्याने जात नाही. शिवाय धुण्याचे सारे पाणी उकळण्याइतके इंधन आज कोण जाळणार?

यंत्रात धुणाऱ्यांची अडचण निराळी. यंत्रात गाळ बसू देण्यास वेळ आणि जागा नसते. म्हणून तेथे सोडा टाकून खडू तयार करण्यापेक्षा कॅल्शियमला पाण्यातच पकडून ठेवणारे साहाय्यक ज्या पावडरीत आहेत ती घ्यावी, आणि वेष्टनावर जड पाण्यासाठी वेगळे माप दिले असल्यास ते पाळावे. मापापेक्षा जास्त पावडर घातल्याने कपडा जास्त स्वच्छ होत नाही. जादा पावडर कपड्यातच राहते, ती काढण्यास आणखी पाणी लागते, आणि ते पाणी पुन्हा जडच असते! यंत्राची टोपली कपड्यांनी गच्च भरू नये, कारण मळ सुटण्यास कपड्यांना हालचालीस जागा लागते. अलीकडच्या पुष्कळ पावडरींत रक्त, दूध, घाम यांसारखे डाग पचवणारी एन्झाइमे असतात. ती कोमट पाण्यात, अंगाला सोसेल इतक्या उबेत, चांगली काम करतात. अर्धा तास भिजवणे त्यांना पुरते. रात्रभर भिजवण्याने सुटलेला मळ पुन्हा कपड्यावर बसण्याची भीती असते.

खळबळण्याकडेही लक्ष हवे. वडीच्या साबणाने धुतलेला कपडा एकदम जड पाण्यात खळबळला, तर धाग्यांत राहिलेल्या साबणाचा तेथल्या तेथे गाळ होतो. म्हणून पहिले खळबळणे निवळलेल्या मऊ पाण्यात करावे. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घातल्यास धाग्यांवर बसलेला खडू विरघळतो आणि ताठ झालेले पंचे पुन्हा नरम होतात. मात्र व्हिनेगर आणि कपडे शुभ्र करण्याचे क्लोरीनयुक्त द्रावण यांची भेट कधीही होऊ देऊ नये. त्यांतून विषारी वायू निघतो. पाण्यात लोहाचा अंश असेल तर ते द्रावण मुळीच वापरू नये, कारण विरघळलेल्या लोहाचा गंज होऊन शुभ्र कपड्यावर तांबूस डाग पडतात. आणि निळीविषयी एवढेच, की नीळ पिवळेपणा डोळ्यांना दिसेनासा करते, तो काढीत नाही.

एका चांगल्या हेतूने होणाऱ्या गोष्टीविषयीही बोलले पाहिजे. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे पाणी टाकाऊ म्हणून बाहेर पडते, ते पुष्कळ घरी बादलीत धरून कपड्यांसाठी वापरतात. पाणी वाया जाऊ नये ही भावना स्तुत्य आहे. परंतु यंत्राने शुद्ध पाण्यातून काढलेले सारे क्षार याच पाण्यात लोटलेले असतात. एक लिटर शुद्ध पाण्यामागे एक लिटर टाकाऊ निघत असेल, तर त्याचा जडपणा मूळ पाण्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. एकामागे तीन लिटर निघत असेल, तर सुमारे सव्वापट ते दीडपटीच्या दरम्यान. हे पाणी फरशी पुसण्यास आणि शौचकूपात ओतण्यास ठेवावे. कपडे, आणि त्यातही पांढरे कपडे, त्यापासून दूर ठेवावेत.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मोरीतून गेलेले पाणी आपल्या दृष्टीने संपते, पण ते संपत नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला युरोपात आणि अमेरिकेत पावडरीचा वापर वाढला, तेव्हा नद्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले, कारण त्या वेळच्या अपमार्जकांचे विघटन जिवाणूंना करता येत नव्हते. पश्चिम जर्मनीत १९६४ पासून कायदा अमलात आला आणि सहज कुजणारी द्रव्ये वापरात आली. पुढे जडपणा घालवण्यासाठी पावडरीत मिसळलेल्या फॉस्फेटांनी तळ्यांत शेवाळाचे रान माजते, हे लक्षात आले. स्वित्झर्लंडने १९८६ साली कपड्यांच्या पावडरीतील फॉस्फेटांवर बंदी घातली, आणि युरोपीय संघाने २०१३ पासून त्यांवर कडक मर्यादा घातली. म्हणजे जड पाण्यावरचा एक उपाय दुसऱ्या पाण्याला बाधला.

चंडीगडच्या मोऱ्यांचे पाणी मैलाशुद्धीच्या केंद्रांकडे जाते. जे तेथपर्यंत पोचत नाही किंवा तेथून पुरते शुद्ध होऊन निघत नाही, त्याला सुखना चो यासारख्या ओढ्यांतून घग्गर नदीचा मार्ग मोकळा असतो. घग्गर ही समुद्राला मिळणारी नदी नव्हे. ती हरियाणा-पंजाबातून वाहत राजस्थानच्या वाळूत विरून जाते. तिच्यात जे घालावे ते दूर कोठे समुद्रात वाहून जाईल, असे समाधानही तेथे मिळत नाही. तिच्या काठच्या शेताला आणि विहिरीला त्यातला वाटा मिळतो. बादलीत गरजेपेक्षा अधिक पडलेला प्रत्येक चमचा म्हणून तीनदा महाग पडतो. पैसे जातात, कपडा खराब होतो, आणि ज्यांच्या अंगावर तो कपडा कधी पडणार नाही, त्यांचे पाणी बिघडते.

श्रोतेहो, आपण इंदूरला असाल, बडोद्याला असाल, हैदराबादेस असाल किंवा अकोल्यास, आपल्या नळाला येणारे पाणी चंडीगडच्या पाण्यासारखेच असेल असे नाही. परंतु दोन बाटल्या आणि साबणाचा थोडा कीस कोणत्याही घरी मिळू शकतो. पुढच्या वेळी कपडे उजळ निघाले नाहीत, तर पावडरीचा चमचा वाढवण्यापूर्वी आणि धुणाऱ्या हातांना बोल लावण्यापूर्वी ती दहा मिनिटांची परीक्षा करून पाहावी. दोष पाण्याचा असेल, तर त्याला उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे.